आधी घर, मग बाकीचं

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की अमेरिकेतल्या बेघर माजी सैनिकांनी आधी दारू सोडावी, मगच त्यांना घर द्यावं. मला हे अजिबात पटत नाही. रात्री पाठ कुठे टेकायची हेच ठाऊक नसेल तर औषधं वेळेवर कशी घेतली जातील?

तिथला अनुभवही हेच सांगतो. २०१० साली जानेवारीतल्या एका रात्रीच्या गणनेत सुमारे ७४ हजार माजी सैनिक बेघर आढळले होते. २०२४ मध्ये ते ३३ हजारांच्या आत आले. ‘हाउसिंग फर्स्ट’ धोरण (व्यसन सोडण्याची अट न घालता आधी घर) आणि ‘हड-व्हॅश’ ही तिथल्या गृहनिर्माण व माजी सैनिक खात्यांची संयुक्त योजना यांचा त्यात मोठा वाटा आहे. योजनेत सरकारकडून भाड्याचं व्हाउचर मिळतं, भाडेकरू साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के भरतो, बाकीचं भाडं व्हाउचरमधून जातं आणि माजी सैनिक खात्याचा केस मॅनेजर पाठीशी असतो. घरमालकाशी बोलणं, कागदपत्रं, उपचारांची सोय, सगळं तो बघतो. माझ्या मते व्हाउचरइतकाच हा माणूस मोलाचा, कारण व्हाउचर हातात असूनही घर देणारा मालक सापडत नाही, अशी वेळ अनेकांवर येते.

टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराने २०१५ मध्ये माजी सैनिकांचं बेघरपण संपल्याचं जाहीर केलं. म्हणजे पुन्हा कुणी रस्त्यावर आलंच नाही असं नव्हे. आलं तर त्याला झटपट घर देणारी यंत्रणा उभी राहिली.

आणि मुळात कुणी बेघर होऊच नये यासाठी काय करायचं, याबद्दल इथे कुणीच बोललं नाही! माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठीच्या ‘एसएसव्हीएफ’ या सरकारी कार्यक्रमात स्थानिक संस्थांमार्फत थकलेलं भाडं भरायला मदत होते, घर सुटायच्या आधीच.