कॉम्प्युटर हँग होताना कर्नलचा लॉग कसा बघायचा? सल्ला हवा

पिंपळपान
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम मी बघते. मशीनवर उबुंटू (लिनक्स) आहे, डिस्क एनव्हीएमई, म्हणजे वेगवान एसएसडी प्रकारची. मधूनच ते हँग होतं. आधी नवीन विंडो उघडेनाशी होते, पण माऊस हलत असतो. मग तोही थांबतो. पॉवर बटण दाबून बंद करावं लागतं. परत चालू करून डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघितलं तर बिघाडाचा मागमूस नाही. निवृत्त मंडळी हौसेनं येऊन टायपिंग करतात, त्यांची मेहनत अशी वाया गेली की फार वाईट वाटतं. त्या क्षणी कर्नल (हार्डवेअर सांभाळणारा सिस्टिमचा गाभा) काय सांगत होता हे कळायला काय करू?

खडीसाखर
डीमेसेज रॅममधले संदेश दाखवतं, त्यामुळे रीस्टार्ट केलं की जुनं सगळं गेलं. मागच्या वेळचं हवं असेल तर: सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही रोमन लहान लिपीत टाका.) 'के'नं फक्त कर्नलचे संदेश येतात, 'बी -१' म्हणजे आत्ताच्या आधीचं बूट. आधीचं बूटच सापडलं नाही, तर व्हार/लॉगमध्ये 'जर्नल' नावाचं फोल्डर आहे का बघा. ते नसेल तर नोंदी डिस्कवर टिकत नाहीत.

पिंपळपान
फोल्डर आहे. पण लॉग हँग होण्याच्या थोडा आधीच संपतो. शेवटची ओळ प्रिंटरची आहे, तिचा काही संबंध वाटत नाही.

आडवाटेचा
पिंपळपान, लॉग असा मध्येच तुटणं हीसुद्धा एक खूण आहे. अतिगंभीर संदेश आला तर जर्नल (नोंदी ठेवणारी यंत्रणा) तो लगेच डिस्कवर पक्का करतं, बाकीच्यांसाठी ठरलेला अवधी ५ मिनिटांचा असतो. तेवढ्यात पॉवर काढली की शेवटच्या ओळी गेल्या. आणि डिस्कच अडली असेल तर लिहिणार कुठे? म्हणून लॉग हँग होण्याच्या आधीपासूनच दुसऱ्या मशीनवर दिसत राहिला पाहिजे. तुमच्या केसमध्ये माझा सगळा भर यावरच आहे.

वाचनालयाच्या मशीनवर ओपनएसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून आत शिरू देणारा प्रोग्रॅम) टाका. दुसऱ्या लॅपटॉपवरून, नाहीतर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स (कमांड चालवायचं अ‍ॅप) घेऊन एसएसएचनं आत शिरा आणि सुडो डीमेसेज -डब्ल्यू (स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) चालू करून ठेवा. नवा संदेश आला की तिथे उमटेल. हे आधीच चालू असणं महत्त्वाचं, कारण डिस्क गेल्यावर नवं लॉगिन बहुतेक होणार नाही. आधीपासून रॅममध्ये असलेला प्रोग्रॅम मात्र पुष्कळदा चालत राहतो.

रानजाई
कॅप्स लॉकच्या दिव्यावरून 'कर्नल मेला' असं ठरवू नका. डेस्कटॉपवर तो दिवा ग्राफिक्सचा प्रोग्रॅम सांभाळतो, तो अडकला की कर्नल जिवंत असूनही दिवा बदलत नाही. दिवा आपोआप लुकलुकायला लागला तर मात्र कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलच कोसळला, असं समजा.

आणखी एक. ऑल्ट + प्रिंटस्क्रीन दाबून धरून डब्ल्यू दाबलं की अडकून पडलेल्या प्रोसेसची यादी लॉगमध्ये येते. उबुंटूत सिसरिक्यूची (या कळांना काय करू द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) किंमत १७६ असते, तिच्यात ही यादी बंद आहे. सुडो सिससीटीएल कर्नल.सिसरिक्यू=१ करून ठेवा. बंद करतानाही थेट पॉवर बटणाकडे जाऊ नका. त्याच दोन कळा धरून क्रमानं एस, यू, बी दाबा, मध्ये थोडं थांबत. डिस्क जिवंत असेल तर फाइलींचं नुकसान टळतं.

आडवाटेचा
एसएसएचही थिजलं तर नेटकन्सोल लावू. त्यात कर्नल स्वतःच यूडीपीवरून (नेटवर्कवर माहिती पाठवायची साधी पद्धत) संदेश दुसऱ्या मशीनकडे पाठवतो, ठरलेला पोर्ट ६६६६. त्याला केबलचं नेटवर्क हवं, वायफायवर भरवसा नको. पण आधी सोपं करून बघा.

पिंपळपान
मिळालं! भाचीचा लॅपटॉप शेजारी ठेवला होता. आधी ओळ आली ती 'एनव्हीएमई०: कंट्रोलर इज डाऊन, विल रीसेट' अशी, आणि काही वेळानं 'ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स' अशा ओळींची रांग. आता काय करू?

खडीसाखर
सगळ्यात आधी पुस्तकयादीची प्रत पेनड्राइव्हवर काढा, आजच. बाकीचं त्यानंतर.

आडवाटेचा
हो, बॅकअप आधी. यात डिस्क वीज वाचवायला झोपते आणि वेळेवर उठत नाही, असं बऱ्याचदा असतं. ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्रॅम) कर्नल ओळीत एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=० घालून बघा. नव्या कर्नलमध्ये त्या संदेशाच्या खालीच हा उपाय सुचवलेला असतो, तुमच्याकडे आलाय का पाहा. तेवढ्यानं भागलं नाही तर डिस्क काढून नीट बसवा, फर्मवेअर अपडेट करा आणि स्मार्टसीटीएलचा (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) रिपोर्ट इथे टाका. त्यात मीडिया एररचा आकडा शून्याच्या वर असेल तर डिस्क बदलायचीच. लॅपटॉपवरचं डीमेसेज तोपर्यंत चालूच राहू द्या.