मदत हवी आहे: वसईतल्या नाताळच्या रात्रीची कथा

डिसेंबर लागला की मी जेम्स जॉइसची ‘द डेड’ ही कथा पुन्हा वाचते, मग जॉन ह्यूस्टनने तिच्यावर केलेला १९८७ चा चित्रपट पाहते. (त्याचा हा अखेरचा.) म्हाताऱ्या मावश्यांकडची मेजवानी, मांस कापून सगळ्यांना वाढणारा भाचा, जिन्यात गाणं ऐकत थबकलेली त्याची बायको. सणाच्या गजबजाटात गेलेलं माणूस असं अलगद आत येतं, ते मला फार मोलाचं वाटतं.

आता वसईतल्या कुपारी (म्हणजे सामवेदी ख्रिस्ती) घरातली नाताळची रात्र लिहिते आहे. तिथल्या मंडळींनो, चर्चमधली मध्यरात्रीची मिस्सा (प्रार्थनाविधी) आटोपून घरी आल्यावर आधी काय खाता? कादोडी ही कुपारींची बोली बोलणारी आजी नातवंडांना कशी हाक मारते? या भागावरच्या मराठी कथा-कादंबऱ्याही कृपया सुचवा.