मियातोविच आणि एका कलमाचा तह
सर्बियाचा मुत्सद्दी चेदोमिल मियातोविच म्हणजे ऑस्ट्रियाच्या खिशातला माणूस, असं काहीजण म्हणतात. सर्बिया आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यातल्या १८८१च्या गुप्त करारापुरतं मलाही ते मान्य आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीला आधी विचारल्याशिवाय सर्बिया दुसऱ्या कुणाशीही राजकीय तह करणार नाही, असं त्याचं चौथं कलम. परराष्ट्रमंत्री म्हणून सही ह्याचीच, आणि पंतप्रधान पिरोचानाकला पत्ता लागला तो सही झाल्यावर! देश असा गहाण टाकणं मला अक्षम्य वाटतं.

पण १८८६ आणि १९०३मध्ये त्याने काय केलं, हे असं म्हणताना कुणी बोलत नाही. स्लिव्नित्साच्या लढाईत बल्गेरियाकडून सपाटून मार खाल्ल्यावर बुखारेस्टला तहासाठी हाच गेला. तो अख्खा तह एका कलमाचा आहे: सहीच्या तारखेपासून दोन्ही देशांत पुन्हा शांतता. बस्स. हरलेल्या सर्बियाची इंचभरही जमीन गेली नाही. (ऑस्ट्रियाने बल्गेरियाला भरलेला दम त्यामागे होता, हेही खरं.) आणि जून १९०३मध्ये राजा अलेक्झांडर आणि राणी द्रागा यांना लष्करी अधिकाऱ्यांनी राजवाड्यात मारलं, तेव्हा मियातोविच लंडनमध्ये सर्बियाचा राजदूत होता. साठी उलटलेल्या ह्या माणसाने नव्या राजवटीची चाकरी न करता राजीनामा दिला. १९३२मध्ये तो लंडनमध्येच वारला.