थंडरबर्डमध्ये ‘सेंट’चे तीन फोल्डर झालेत, एक कसा करायचा?

अक्कलकोट रोड:
नमस्कार. एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, ऑफिसची मेल मी सांभाळते. खातं कंपनीच्या डोमेनचं, आयमॅप (म्हणजे मेल सर्व्हरवरच राहते, सगळ्या उपकरणांवर तीच दिसते). माझ्याकडं विंडोजवर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम, मालकांकडं आयफोन, आणि आधीच्या कॉम्प्युटरवर आउटलुक होतं. आता डाव्या बाजूला ‘सेंट’, ‘सेंट आयटम्स’, ‘सेंट मेसेजेस’ असे तीन फोल्डर दिसतात. ट्रॅशचंही तसंच. परवा एका बायरनं ‘४५० जीएसएम तुम्ही कधी कळवलं?’ म्हणून विचारलं (जीएसएम म्हणजे टॉवेलचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन), तर ती मेल शोधायला तिन्ही फोल्डर पालथे घालावे लागले. नको ते दोन उडवून टाकू का? त्यातली एकही मेल जाऊन चालणार नाही, ऑर्डरचा पुरावा तोच आहे.

बाळीवेस:
ताई, थांबा, डिलीट अजिबात करू नका! आयमॅपमधला फोल्डर सर्व्हरवरचा असतो. इथून उडवला की मालकांच्या फोनमधूनही गेला.

होटगी रोड:
बाळीवेसचं बरोबर आहे. मी बऱ्याच ऑफिसांतली मेल लावून देतो, हा घोळ सगळीकडं दिसतो. पाठवलेली मेल कुठं ठेवायची हे प्रत्येक प्रोग्राम आपापलं ठरवतो. आउटलुकचं ‘सेंट आयटम्स’, ॲपलचं ‘सेंट मेसेजेस’, थंडरबर्डचं ‘सेंट’. म्हणून आधी सेटिंग, मग साफसफाई. उलटं केलंत तर फोन पुढच्या मेलला तो फोल्डर परत तयार करतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

सगळ्यात आधी तिन्ही फोल्डर माऊसनं ओढून थंडरबर्डमधल्या ‘लोकल फोल्डर्स’वर सोडा, ते आपल्याच कॉम्प्युटरवर असतात, तिथं त्यांची कॉपी होते. नुसती प्रोफाइल (थंडरबर्डचा कॉम्प्युटरवरचा डेटा फोल्डर) कॉपी करून भागत नाही, कारण आयमॅपची सगळी मेल कॉम्प्युटरवर उतरलेली असेलच असं नाही. कॉपी झाल्यावर दोन-चार जुन्या मेल अटॅचमेंटसकट उघडून बघा. इथं घाई करू नका.

मग अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘कॉपीज अँड फोल्डर्स’ उघडा, पाठवलेल्या मेलची कॉपी कुठं ठेवायची तिथं ‘अदर’ निवडून सर्व्हरवरचा ‘सेंट’ दाखवा. ट्रॅशचा फोल्डर ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये ठरतो. आयफोनवर खात्याच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये ‘मेलबॉक्स बिहेवियर्स’ आहे, तिथंही तोच ‘सेंट’ निवडा. मालकांचा फोन पाच मिनिटं मागून घ्या, त्याशिवाय हे काम पुरं होत नाही.

त्यानंतर बाकीच्या दोन फोल्डरमधली मेल ‘सेंट’मध्ये हलवा. एकदम सगळी नको, वर्षावर्षानं निवडून हलवा, नेट मध्येच तुटलं तरी कुठवर आलो ते कळतं. फोल्डर रिकामा झाला की वेबमेलमध्ये जाऊन तिथंही रिकामा दिसतोय ना ते बघा, मगच राइट क्लिक करून डिलीट. डिलीटचा पर्याय येतच नसेल तर थंडरबर्ड अजून त्यालाच ‘सेंट’ समजतोय, सेटिंग परत बघा.

सिद्धेश्वर पेठ:
एक भर घालतो. जीमेल असेल तर हे जसंच्या तसं करू नका. तिथं लेबलं फोल्डरसारखी दिसतात, एकच मेल ‘ऑल मेल’मध्येही असते आणि लेबलाखालीही. ती डुप्लिकेट नव्हे. जीमेलच्या सेटिंगमध्ये लेबलासमोरची ‘शो इन आयमॅप’ची खूण काढली की थंडरबर्डमधली गर्दी कमी होते.

अक्कलकोट रोड:
आभारी आहे, होटगी रोड दादा. फोन मागून घेतला, सेटिंग झालं, मेल सगळी ‘सेंट’मध्ये आली. जीएसएमची मेल तारखेसकट बायरला पाठवली. आता ‘सेंट’मध्येच काही मेल दोनदा दिसतात, त्यांचं काय करू?

होटगी रोड:
त्यासाठी ‘रिमूव्ह ड्युप्लिकेट मेसेजेस’ नावाचं ॲड-ऑन (थंडरबर्डला जोडायचा छोटा प्रोग्राम) आहे. तुलनेत मेसेज आयडी (प्रत्येक मेलची स्वतःची वेगळी खूण) धरा, नुसता विषय धरला तर एकाच ऑर्डरवरची वेगवेगळी उत्तरं जातील. काढलेली मेल ट्रॅशमध्ये जाऊ द्या. नंतर फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉम्पॅक्ट’ करा, काढलेल्या मेलनं अडवलेली जागा तेव्हाच मोकळी होते. लोकल फोल्डर्समधली कॉपी मात्र ही सीझनची शिपमेंट निघेपर्यंत ठेवा.