फोन धडधाकट, तरी सिम बंद. हे बरोबर आहे का?

मेलबर्नकर
बाबा नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेत. दोन वर्षांपूर्वी घेतलेला त्यांचा फोर-जी फोन नागपुरात व्होल्टेवर, म्हणजे फोर-जीवरूनच कॉल लावायच्या सोयीवर, छान चालायचा. इथलं सिम घातलं आणि थोड्याच दिवसांत मेसेज आला: या फोनवरून ०००ला (ऑस्ट्रेलियातला आणीबाणीचा नंबर) कॉल लागण्याची खात्री नाही, सेवा बंद करत आहोत. कॉल गेले, इंटरनेटही गेलं. दुकानात विचारलं तर म्हणाले, 'हे मॉडेल आम्ही तपासलेल्या फोनच्या यादीत नाही.' व्होल्टेचं तांत्रिक मानक जगभर एकच आहे ना? मग नागपुरात चालणारा फोन इथे का चालू नये? माझ्या मते कुठलाही व्होल्टे फोन कुठल्याही सिमवर चालायलाच हवा, आणि तसा कायदा हवा.

टॉवरवाला
तुमचा राग समजतो, पण मी सहमत नाही. फोर-जी मुळात डेटासाठी. व्होल्टे नसेल तर फोन कॉलपुरता थ्री-जी किंवा टू-जीवर उतरतो. ऑस्ट्रेलियात टू-जी आधीच गेलं होतं. थ्री-जी व्होडाफोनने २०२४च्या सुरुवातीला, तर टेल्स्ट्रा आणि ऑप्टसने २८ ऑक्टोबर २०२४ला बंद केलं. तेव्हा लक्षात आलं की काही फोन साधा कॉल व्होल्टेवरून लावतात, पण ००० फिरवलं की थ्री-जीच शोधत बसतात. म्हणून असे फोन बंद करण्याची सक्ती सरकारने केली. मानक एक असलं तरी त्यात पर्याय अनेक असतात. प्रत्येक कंपनी आपापले निवडते आणि फोनमध्ये त्या कंपनीची सेटिंग भरावी लागते. छातीत कळ आलेल्या माणसाचा कॉल लागला नाही तर कोणता कायदा कामाला येणार?

मेलबर्नकर
०००बद्दल वाद नाहीच. माझे बाबा ७१ वर्षांचे आहेत, मलाच त्याची जास्त काळजी. पण आयएमईआयच्या, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाच्या, पहिल्या आठ आकड्यांवरून मॉडेल ओळखायचं आणि यादीत नसलं की बाहेर काढायचं! 'नापास झाला' आणि 'परीक्षेलाच बसवलं नाही' यांत फरक आहे की नाही?

डेक्कनचा
कायद्याने काही होत नाही, गिऱ्हाइकांच्या रेट्याने होतं. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं ते फक्त फोर-जी घेऊन. खाली उतरायला टू-जी, थ्री-जी काहीच नाही. निम्म्या मित्रांच्या फोनवर व्होल्टे नव्हतं. पण जिओने कॉलसाठी वेगळं ॲप दिलं, कुणाला दारातून परत पाठवलं नाही. पुढे फोन कंपन्यांनीच घाईघाईने अपडेट दिले.

टॉवरवाला
ते ॲप आणीबाणीच्या कॉलसाठी नव्हतं, हे विसरू नका. आणि आपल्याकडे इतर कंपन्यांचं टू-जी अजून चालू आहे, म्हणून ही दुखणी झाकली जातात. ते बंद झालं की नागपुरातही हाच प्रश्न उभा राहील.

चिरेबंदी
माझं गाव रत्नागिरीजवळ. चिऱ्याच्या जाड भिंती, आत रेंज शून्य. एअरटेलने डिसेंबर २०१९मध्ये आणि जिओने जानेवारी २०२०मध्ये वायफाय कॉलिंग (रेंज नसताना वायफायवरून साधा कॉल) आणलं तेव्हा आईसाठी केवढा आधार वाटला! आता भाऊ दुबईहून फोन घेऊन आला. त्यात एका सिमवर वायफाय कॉलिंगचं बटण दिसतं, दुसऱ्यावर नाही. फोन तोच, घर तेच, वायफाय तेच! मग फोनमध्ये काय खोट? कंपनी म्हणते फोनवाल्यांना विचारा, फोनवाले म्हणतात कंपनीला विचारा. आई मात्र अंगणात जाऊन बोलते, पावसातसुद्धा. कायदा नको असेल तर निदान कोणत्या सिमवर काय चालेल ते खोक्यावर छापा.

टॉवरवाला
खोक्यावर छापण्याला माझा पूर्ण पाठिंबा. देशही लिहा, कारण दुबईत विकलेल्या मॉडेलची सेटिंग वेगळी असू शकते.

मेलबर्नकर
छापा, पण न तपासलेला फोन तपासून घ्यायची सोयही द्या. शुल्क घ्या हवं तर. बाबांसाठी काल यादीतला जुना फोन विकत घेतला. त्यांचा नागपूरचा फोन आता घरात वायफायवर व्हॉट्सॲपपुरता, आणि फिरायला निघताना त्यांना आठवणीने दुसरा फोन खिशात घालावा लागतो.