किंडरट्रान्सपोर्टच्या वाटेवरील अनुभव

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनास्थळे आणि दुकाने जाळली गेल्यानंतर ब्रिटनने १७ वर्षांखालील निर्वासित मुलांना आईवडिलांविना प्रवेश देण्याचे मान्य केले. महायुद्धाला तोंड फुटेपर्यंत सुमारे १०,००० मुले, बहुतांशी ज्यू, तेथे पोहोचली. हीच मोहीम किंडरट्रान्सपोर्ट (जर्मनमध्ये ‘मुलांची वाहतूक’) म्हणून ओळखली जाते. त्या वाटेवरची स्थळे पाहिलेल्या किंवा त्या मुलांपैकी कोणाशी बोललेल्या वाचकांनी आपले अनुभव लिहावेत.

लंडनहून : हारिच बंदरावरून आगगाडीने आलेली अनेक मुले लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकात उतरत. तेथे सामानासह उभ्या असलेल्या मुलांचे शिल्प आहे. शिल्पकार फ्रँक माइस्लर स्वतः ऑगस्ट १९३९ मध्ये डान्झिगहून (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) असेच आले. ते निघाल्यावर तीनच दिवसांत त्यांच्या आईवडिलांना अटक झाली आणि पुढे ऑशविट्झमध्ये त्यांची हत्या झाली.

प्रागहून : येथील मुख्य स्थानकात २०१७ साली आगगाडीच्या दाराच्या रूपात एक स्मारक उभारले गेले. त्याच्या काचेवर एका बाजूने मुलांच्या आणि दुसऱ्या बाजूने पालकांच्या तळव्यांचे ठसे आहेत. माझ्या सहा वर्षांच्या मुलीने त्यावर हात ठेवला, तेव्हा तिला काय सांगावे हे मला सुचले नाही. प्रागमधून सुटलेल्या ६६९ मुलांचे श्रेय सहसा निकोलस विंटन यांनाच दिले जाते, ते मला अपुरे वाटते. विंटन लंडनमध्ये मुलांसाठी घरे आणि प्रत्येकी ५० पौंडांची हमी मिळवत होते, तर डोरीन वॉरिनर आणि ट्रेव्हर चॅडविक या ब्रिटिश मदतकर्त्यांनी नाझी अंमल येऊनही प्रागमध्ये राहून काम केले. सुमारे २५० मुलांची शेवटची गाडी १ सप्टेंबर १९३९ रोजी निघायची होती. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि ती सुटलीच नाही.

लीड्सहून : १९९० च्या दशकात आमच्या शेजारी व्हिएन्नाहून लहानपणी आलेल्या एक आजी राहत. युद्धकाळात रेड क्रॉसमार्फत फक्त २५ शब्दांचा निरोप पाठवता येई, म्हणून आईने त्यांतले बहुतेक शब्द अभ्यास आणि तब्येत यांवर खर्च केले, असे त्या सांगत. १९४२ नंतर निरोप आला नाही. सोबत आलेला त्यांचा थोरला भाऊ सोळा वर्षांचा झाला, तेव्हा १९४० मध्ये त्याला शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून आइल ऑफ मॅन बेटावर स्थानबद्ध करण्यात आले. सुटल्यावर तो ब्रिटिश सैन्यातच भरती झाला.