देवस्थान कार्यालयातील झेरॉक्स मशीन अजिबात सुरू होत नाही: बोर्ड बदलण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न

फोंडा तालुक्यातील एका देवस्थानच्या कार्यालयाचे काम मी पाहतो. आमचे झेरॉक्स मशीन जमिनीवर उभे राहणारे, ए-थ्री कागदापर्यंतचे आणि सुमारे आठ वर्षांचे आहे. गेल्या आठवड्यात मिरगाआधीचा पाऊस रात्रभर गडगडाटासह पडला, दोन-तीन वेळा वीज गेली आणि आली. सकाळी कार्यालय उघडून बटण दाबले, तर पॅनलवर एकही दिवा लागला नाही. एरवी बटण दाबताच आतल्या पंख्याची घरघर सुरू होते, तीही ऐकू आली नाही.

भिंतीवरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये टेस्टर घातला, तो स्वच्छ पेटतो. मशीन स्टॅबिलायझरवरून चालत असे. त्याचाही दिवा लागेना, म्हणून तो जळाला असे समजून बाजूला ठेवला आणि मशीनची पिन थेट भिंतीत लावली, तरी फरक पडला नाही. खोलीतील पंखा, दिवे आणि संगणक व्यवस्थित चालतात. दुरुस्ती करणाऱ्याला हे फोनवर सांगितले, तेव्हा विजेच्या दणक्याने पॉवर सप्लायचा बोर्ड गेला असणार, नवा घालावा लागेल, असे तो म्हणाला. महाजनांच्या सभेच्या नोटिसा आणि मामलेदार कचेरीत द्यायच्या हिशेबाच्या प्रती अडून राहिल्या आहेत. पैसा देवस्थानचा असल्यामुळे समितीपुढे बोर्डाचा खर्च मांडण्यापूर्वी आणखी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद (कॉपियर दुरुस्त करणारा, म्हापसा)

तुम्ही लिहिलेल्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की स्टॅबिलायझर आणि मशीन अशा दोन वस्तू एकाच सकाळी, एकाच सॉकेटवर बंद आढळल्या. दोन्ही एकाच रात्री जळणे अशक्य नाही. तरीही दोघांच्या मागे असलेली एकच वस्तू, म्हणजे ते सॉकेट, आधी संशयात घ्यायला हवे, कारण ते तपासायला काहीच खर्च येत नाही.

टेस्टर पेटला म्हणजे वीज आहे, ही समजूत फार ठिकाणी घात करते. टेस्टरमधला निऑनचा दिवा आपल्या अंगातून जमिनीकडे जाणाऱ्या अगदी सूक्ष्म प्रवाहावर पेटतो. त्यामुळे न्यूट्रलची (वीज परत नेणारी) तार तुटलेली असली, किंवा फेजची (वीज आणणारी) तार सैल स्क्रूखाली नुसती टेकलेली असली, तरी तो तसाच पेटणार. मल्टिमीटरने फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये मोजणे त्याहून चांगले, पण मीटरही प्रवाह जवळजवळ ओढत नाही, आणि जळालेल्या सांध्यावर तो खुशाल २३० व्होल्ट दाखवू शकतो. म्हणून सॉकेटवर भार टाकून पाहा. मशीन हलवू नका. चहाची विजेची किटली किंवा इस्त्री त्या सॉकेटला लावा. ती तापली नाही, तर दोष भिंतीत आहे आणि मशीनला अजून कोणी हातही लावू नये. कडकड आवाज आला किंवा जळका वास आला, तर लगेच बंद करा.

किटली नीट तापली, तर मशीनकडे वळा. या आकाराच्या बहुतेक मशीनांना दोन बटणे असतात. पॅनलवरचे बटण मशीनला फक्त झोपेतून उठवते. खरा मुख्य स्विच पुढच्या झाकणामागे किंवा बाजूला असतो, आणि तो झाडलोट करताना बंद झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मागची वायर मशीनमध्ये पूर्ण आत बसली आहे ना, हेही दाबून पाहा. दार उघडे राहिले किंवा फ्यूजर (छपाई कागदावर तापवून पक्की करणारा भाग) गेला, तर बहुतेक मशीन पॅनलवर तसा संदेश किंवा कोड दाखवते. तुमचे पॅनल पूर्ण काळे आहे, तेव्हा त्या शोधात वेळ घालवू नका.

दुसरा प्रतिसाद (इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा, मडगाव)

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे. सॉकेट चांगले निघाले तर पुढे काय, एवढेच लिहितो. पॉवर सप्लायच्या तोंडाशी एक फ्यूज आणि त्याच्यामागे व्हॅरिस्टर नावाची गोल चकती असते. व्होल्टेज एकदम चढले की चकती ते स्वतःवर घेते, अनेकदा त्यातच फुटते आणि फ्यूज उडतो. अशा वेळी पूर्ण बोर्ड नव्हे, तर हे दोन सुटे भाग बदलून काम भागू शकते. नुसता फ्यूज बदलणे मात्र चुकीचे आहे, कारण पुढचा एखादा भाग शॉर्ट असेल तर नवा फ्यूजही त्याच क्षणी जातो.

फ्यूज शाबूत असेल, तर बोर्डाच्या बाहेर येणारे ५ आणि २४ व्होल्ट मोजायला सांगा. २४ व्होल्टवर मोटरी आणि क्लच चालतात. त्यांतला एखादा शॉर्ट असला, तर अनेक सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी बंदच राहतात. जोडण्या एकेक काढत गेल्यावर ते सप्लाय पुन्हा जिवंत होतात. हे न तपासता नवा बोर्ड घातला, तर तोही मेल्यासारखाच दिसेल. कारागिराने मोजलेले आकडे तुमच्यासमोर कागदावर लिहावेत, असा आग्रह धरा. फोनवरून केलेल्या निदानावर देवस्थानचा पैसा खर्च करू नये.

झाकण तुम्ही स्वतः उघडू नका, ही कळकळीची विनंती. २३० व्होल्टचे डीसीत रूपांतर झाल्यावर मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि पिन काढल्यावरही काही काळ तिथेच राहतात.

तिसरा प्रतिसाद (केपे)

बोर्ड उघडायची वेळ आलीच, तर पाल किंवा मुंग्या आहेत का ते पाहायला सांगा. आमच्याकडच्या मशीनमध्ये सप्लायच्या बोर्डावरील सोल्डरच्या दोन टाक्यांच्या मध्ये पाल चिकटून मेली होती. पावसाळ्यात उबेसाठी त्या तिथे शिरतात.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. भोजनशाळेतील किटली आणून लावली. तिचा दिवा क्षणभर मिणमिणला आणि विझला, पाणी थंडच राहिले. तीच किटली भोजनशाळेतल्या सॉकेटवर पाच मिनिटांत उकळली. वायरमनने खालचा मेन बंद करून सॉकेट उघडले, तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू बोटांनी फिरत होता, तारेचे टोक कोळशासारखे काळे झाले होते आणि तिच्यावरचे प्लास्टिक दोन बोटे आतपर्यंत ठिसूळ झाले होते. बाहेरून पाहिले असता छिद्राभोवती फक्त चहाच्या डागासारखी पिवळसर कडा दिसत होती, आणि ती मी कितीतरी महिने रोज पाहत आलो होतो. तार मागे कापून नवे सॉकेट बसवले. स्टॅबिलायझर लागला, मशीनही लागले, आणि नोटिसा संध्याकाळपर्यंत छापून झाल्या. मग गडगडाटाचा याच्याशी काहीच संबंध नव्हता का?

पहिला प्रतिसादकर्ता

थेट संबंध नसावा. सकाळी तापताना फ्यूजर हजार वॅटच्या वर जातो, म्हणजे चार ते सहा अँपिअर. सैल सांध्यावर तेवढा प्रवाह रोज गेला की सांधा तापतो, तापून आणखी सैल होतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्यावर गंज चढतो. त्या रात्री वीज जात-येत राहिली, तेव्हा उरलेला टेकाही सुटला असेल.

आता एक काम राहिले आहे. स्टॅबिलायझरची जी पिन त्या सॉकेटमध्ये होती, ती काढून तिचे पितळ पाहा. न्यूट्रलचा दांडा काळा किंवा निळसर झाला असेल, तर ती पिनही बदला. नाहीतर तीच नवे सॉकेट पुन्हा जाळील.